कामकरी माणसांचा विश्वास

मंडळीतला एखादा तरुण ईशज्ञान शिकायला सेमिनरीत निघाला की रविवारच्या उपासनेत त्याला पुढे बोलावतात. पाळकसाहेब आणि वडीलमंडळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, प्रवासखर्चाला वर्गणी जमते, आई पदराने डोळे पुसते. त्याच मंडळीतल्या दुसऱ्या तरुणाला एमआयडीसीत फिटरची नोकरी लागली तर घरोघर पेढे जातात, उपकारस्तुतीच्या पाकिटात नोटा पडतात आणि विषय तिथे संपतो. त्याच्या पान्यासाठी, त्याच्या यंत्रासाठी, पाळीच्या आठ तासांसाठी कुणी प्रार्थना करत नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मंडळी त्याला ओळखते ती वर्गणीदार म्हणून, फार तर नाताळच्या मांडवाची वीजजोडणी करून देणारा म्हणून. कॅथलिक धर्मग्रामात तपशील वेगळे असतील, पण गुरुदीक्षेच्या सोहळ्याला लोटणारा गाव आणि पहिल्या पगाराच्या दिवशी एकटाच देवळात जाऊन मेणबत्ती लावणारा मुलगा हे अंतर तिथेही तेवढेच आहे.

हा संग्रह त्या दुसऱ्या तरुणासारख्यांनी लिहिला आहे. यात सरकारी रुग्णालयातली परिचारिका आहे, वसईत केळी आणि फुले पिकवणारा शेतकरी आहे, बोटीवर आयुष्य काढलेला गोव्याचा तारवटी आहे. एसटीचा वाहक आहे, बँकेतली रोखपाल आहे, चार घरची धुणीभांडी करणारी बाई आहे, सफाई कामगाराची शिकलेली मुलगी आहे आणि पुण्यात संगणकासमोर रात्रपाळी करणारा तरुण आहे. संपादकांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला : तुमच्या कामात प्रभू तुम्हाला कुठे भेटतो आणि कुठे भेटत नाही? या प्रश्नाचा उत्तरार्ध मला फार मोलाचा वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

पवित्र शास्त्र कामाने भरलेले आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. घाम गाळून भाकर खाण्याचा शाप तिसऱ्या अध्यायात येतो. काम आधीचे, शाप नंतरचा. या क्रमामुळे ख्रिस्ती विचारात काम ही मुळात शिक्षा ठरत नाही, आणि प्रत्यक्षात वाट्याला येणारे काम शापाने गढूळ झाले आहे हेही लपत नाही. निर्गमात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो बसालेल कुणी संदेष्टा नाही. तो सोने, चांदी, पितळ आणि लाकूड घडवणारा कारागीर आहे. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला मात्र मिसरात विटा पाडणारे गुलाम दिसतात. फारो त्यांचा पेंढा बंद करतो आणि विटांची संख्या तेवढीच मागतो. देवाने त्या गुलामांना मन लावून विटा पाडण्याचा उपदेश केला नाही. त्याने त्यांना तिथून बाहेर काढले. शब्बाथाच्या आज्ञेत पुढे दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परदेशी या सगळ्यांच्या विसाव्याची तरतूद आहे, आणि अनुवाद या पुस्तकात तिचे कारणही दिले आहे : तुम्हीही कधी मिसरात गुलाम होता.

बसालेल आणि विटा पाडणारे, हे दोन्ही धागे हातात धरून पुढचा इतिहास वाचावा. काम देवाचे दान असू शकते. काम फारोचेही असू शकते. ख्रिस्ती परंपरेने पहिला धागा फार सुंदर विणला. दुसरा तिच्या हातून पुन्हा पुन्हा सुटला, आणि तो उचलून धरण्याचे काम बहुतेक वेळा कष्ट करणाऱ्यांनीच केले.

प्रभू येशूचे दाखले घरातून, शेतातून आणि बाजारातून आले आहेत. पिठात खमीर मिसळणारी बाई, दिवा लावून घर झाडणारी बाई, जाळ्यातली मासळी निवडणारे कोळी ही माणसे तिथे सहज वावरतात. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर चौकात उभी राहिलेली माणसे आहेत. का उभे आहात असे विचारल्यावर, आम्हाला कुणी कामावर घेतले नाही, एवढेच ती सांगतात. आणि तासभर काम केल्यावर त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. मजूर नाक्यावर उन्हे चढेपर्यंत ताटकळलेल्या माणसाला हा दाखला फोड करून सांगावा लागत नाही. नासरेथकरांना येशूचा राग आला तेव्हा त्यांनी त्याच्या सुतारकीचाच उल्लेख केला. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. याकोबाच्या पत्रात तर शेतमजुरांची बुडवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी पोहोचते.

ज्या ग्रीक-रोमन जगात ही मंडळी वाढली तिथे हातांच्या कामाला मान नव्हता. उत्तम नगरात कारागिरांना नागरिक मानू नये, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. अशा जगात मिसरच्या वाळवंटातले संन्यासी ताडाच्या पात्यांच्या चटया आणि टोपल्या विणत प्रार्थना म्हणत, ही साधी गोष्ट नव्हती. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली. तिच्यात प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या आहेत तशाच कामाच्याही. मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याने तिथली सगळी भांडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असे ती सांगते. फावडे आणि प्रभुभोजनाचा प्याला यांना एकाच काळजीने हाताळायला सांगणारा हा नियम मला फार जवळचा वाटतो.

तरीही मध्ययुगात उतरंड तयार झालीच. एकांतात ध्यान करणारे वर, राबणारे खाली. लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन बहिणी या उतरंडीच्या खुणा बनल्या : प्रभूच्या पायाशी बसलेली मरीया श्रेष्ठ, स्वयंपाकात गुंतलेली मार्था कनिष्ठ. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जर्मनीत माइस्टर एकहार्टने एका प्रवचनात हे उलटे केले. मार्था अधिक परिपक्व, कारण ती कामात असूनही देवापासून ढळली नाही, असे त्याने मांडले. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा, लढाईत पाय जायबंदी झालेला जुना शिपाई वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात राबला आणि नंतर मठवासीयांची पायताणे दुरुस्त करत राहिला. भांड्यांच्या खणखणाटात देवाचे सान्निध्य अनुभवण्याची त्याची रीत त्याच्या मृत्यूनंतर, १६९१ नंतर, इतरांनी त्याची पत्रे आणि संभाषणे जमवून पुस्तकरूपात आणली. ते छोटेसे पुस्तक आजही जगभर वाचले जाते.

मोठा पालट मात्र मार्टिन लूथरने केला. १५२० मध्ये त्याने सगळ्या बाप्तिस्मा घेतलेल्यांचे याजकपण मांडले आणि धर्मगुरू, चांभार, लोहार, शेतकरी यांच्यातली आध्यात्मिक उंचीची पायरी काढून टाकली. पुढे विवाहाविषयी लिहिताना त्याने बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण दिले. लोक हसले तरी देव आणि त्याचे दूत त्या बापाकडे आनंदाने पाहतात, असा त्याचा आशय आहे. देव भाकर देतो ती शेतकरी, दळणारा आणि भटारी यांच्या हातांनी देतो. शेजाऱ्याच्या उपयोगी पडणारे कोणतेही प्रामाणिक काम म्हणजे देवाने सोपवलेली जागा. हा विचार मुक्त करणारा होता, आणि आजही आहे. प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला त्याचे ऋण नाकारता येणार नाही.

पण पौलाने करिंथकरांना लिहिले होते की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्यात त्याने राहावे. लूथरने आपला विचार या वचनाशी जोडला, आणि ‘राहावे’ या भागावर फार भर पडला. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी मेमिंगेन इथे आपल्या बारा मागण्या शास्त्राच्या आधाराने मांडल्या आणि वेठबिगारी संपवायला सांगितली. तेव्हा लूथर आधी दोन्ही बाजूंना समजावत होता. बंड पेटल्यावर तो सरदारांच्या बाजूने उभा राहिला आणि शेतकऱ्यांविरुद्ध त्याने अत्यंत कठोर लिहिले. कॅल्व्हिननेही माणसाच्या कामाला देवाने नेमून दिलेली पहाऱ्याची जागा मानले. ती सोडून भटकू नये. इंग्लंडच्या प्युरिटनांनी यातून शिस्त, काटकसर आणि वेळेचा हिशेब घडवला. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये या शिस्तीचा भांडवलशाहीच्या वृत्तीशी असलेला संबंध दाखवला. त्याच्या सिद्धांतावर शंभर वर्षे वाद चालू आहे, तो इथे उकरायचे कारण नाही.

मराठी वाचकाला इथे थबकायला हवे. ज्याने त्याने आपल्या नेमून दिलेल्या कामात राहावे, हे वाक्य आपल्या कानांना परके नाही. आपल्या गावगाड्यात ते काम जन्माने नेमलेले होते. महाराने येसकरकी करायची, सांगावे पोहोचवायचे, मेलेली ढोरे ओढायची. मांगाने दोर वळायचे. आणि बदल्यात बलुते व उरलेसुरले अन्न. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. १९३६च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, जातीमुळे कामाची वाटणी होते हे म्हणणे अपुरे आहे, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, असे त्यांनी दाखवून दिले. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. हे माहीत असलेल्या माणसाने लूथर जसाच्या तसा स्वीकारला तर तो आपल्याच आजोबांच्या पाठीवर पुन्हा काठी ठेवतो.

मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग याच घरांतून आला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी ठाणे केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर आणि जालना भागातल्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती विश्वास पत्करला. गावकीची कामे करायची की सोडायची, हा प्रश्न बाप्तिस्म्याबरोबरच त्यांच्या दारात आला. सोडली तर बलुते बंद, आणि बलुते बंद म्हणजे चूल बंद. ज्यांनी तरीही ढोर ओढायला नकार दिला, त्यांच्या आयुष्यात कामाविषयीची पहिली ख्रिस्ती कृती म्हणजे तो नकार होता. युरोपातल्या पुस्तकांत कामाचे ईशज्ञान कामाला ‘होय’ म्हणण्यापासून सुरू होते. आपल्याकडे ते ‘नाही’पासून सुरू झाले. मराठी ख्रिस्ती माणसाकडे जगाच्या या चर्चेत सांगण्यासारखे जर काही असेल, तर ते हेच आहे, असे मी मानतो. प्रस्तुत संग्रहाचे मोलही मला त्यातच दिसते.

नकारानंतर पोटाचे काय, याचे उत्तर मिशनांना शोधावे लागले. बासेल मिशनने मंगलोरला विणकाम सुरू केले आणि १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. जातीबाहेर पडल्यामुळे ज्यांचे धंदे गेले त्यांच्या हाताला काम मिळावे, हा त्यामागचा एक मोठा हेतू. कोकणातल्या असंख्य घरांवर चढलेल्या मंगलोरी कौलांची सुरुवात अशी धर्मांतरितांच्या उपजीविकेच्या काळजीतून झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नगरच्या औद्योगिक शाळेतून सुतारकाम, धातुकाम आणि विणकाम शिकवले गेले. त्याही आधी, इंग्लंडात मोचीकाम करून पोट भरणारा विल्यम कॅरी बंगालात श्रीरामपूरला येऊन बसला आणि १८०५ मध्ये त्याने मराठी भाषेचे व्याकरण छापून काढले. चामडे शिवलेल्या हातांनी व्याकरण लिहावे, हे तेव्हाच्या इथल्या समाजात कुणाच्या कल्पनेतही बसले नसते.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मिशनच्या आवारात कित्येकांच्या वाट्याला साहेबाच्या बंगल्यावर आचारी, आया आणि माळी होणे एवढेच आले. गावच्या पाटलाऐवजी मिशनच्या साहेबाकडे पाहायची सवय लागली, आणि ती मोडायला दोन-तीन पिढ्या गेल्या.

केडगावच्या मुक्ती मिशनविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे काम आणि विश्वास एकमेकांत ज्या रीतीने मिसळले तसे मराठी मुलुखात इतरत्र क्वचितच घडले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपासमारीने गांजलेल्या मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. तिथे शेती होती, गुरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता आणि छापखाना होता. ज्या बाईचे नखही समाजाला अशुभ वाटायचे, ती तिथे खिळे जुळवत होती. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. साध्या बायकांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२२ मध्ये त्या गेल्या. १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यातून पुरे छापून निघाले. त्या छापखान्यातली उपासना कोणती आणि मजुरी कोणती, हे वेगळे काढता येत नाही. त्याचे कारण असे की तिथे आलेल्या बाईला आधी अन्न, अंथरूण आणि नाव मिळाले होते. काम त्यानंतर आले.

घरकामाची गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांपासून सुरू करावी. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठी ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्याचे सर्वांत मोठे पुस्तक आहे. त्यात विश्वास येतो तो चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी, अवचित आलेल्या पाहुण्यांच्या पंगतीत. कुणाच्या हातचे पाणी प्यावे, कुणाच्या हातचे नाही, या स्वयंपाकघरातल्याच प्रश्नावर त्यांचे मन फिरले. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी काव्यात आणि ‘देवाच्या दरबारा’त जे शोधले ते लक्ष्मीबाईंना घर सांभाळता सांभाळता गवसले, असे माझे मत आहे. त्याबद्दल टिळकांचे चाहते माझ्यावर रागावले तरी चालेल.

टिळकांचे नाव आले की तुकोबांचे येते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी ख्रिस्ती माणसाला कामातल्या देवाचे दर्शन घडवायला ब्रदर लॉरेन्सची वाट पाहावी लागली नव्हती. अरणच्या सावता माळ्याला भाजीच्या मळ्यात विठ्ठल दिसत होता, जनाबाईबरोबर तो दळत होता. पण या वारशातली चोखोबांची गोष्ट मला अस्वस्थ करते. विठ्ठलाने चोख्याबरोबर ढोरे ओढली, अशी कथा आहे. देव त्या कामात उतरला यात अपार करुणा आहे. ढोर मात्र चोख्याच्याच वाट्याला राहिले, आणि मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले असे परंपरा सांगते. देव माझ्या कष्टात माझ्या सोबत आहे आणि देवाला हे कष्ट माझ्यावर लादलेले नको आहेत, ही दोन्ही वाक्ये एकत्र म्हणता आली पाहिजेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे दुसरे वाक्य जगभरच्या मंडळ्यांत हळूहळू ऐकू येऊ लागले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले आणि न्याय्य मजुरी व संघटनेचा हक्क मांडला. बेल्जियममध्ये जोसेफ कार्डाइन या कामगाराच्या घरातल्या धर्मगुरूने १९२५ मध्ये तरुण कामगारांची चळवळ उभारली. पाहा, पारखा, कृती करा ही त्यांची रीत पुढे आपल्याकडच्या धर्मग्रामांतही आली. अमेरिकेत डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३च्या मे दिनी कामगारांसाठी वृत्तपत्र काढले आणि बेघरांसाठी घरे उघडली. फ्रान्समध्ये काही धर्मगुरू झगा उतरवून कारखान्यात मजूर म्हणून गेले. रोमने १९५४ मध्ये त्यांना आवरले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, १९६५ मध्ये, पुन्हा परवानगी दिली. तत्त्वज्ञानाची शिक्षिका सिमोन वेल १९३४-३५ मध्ये पॅरिसच्या कारखान्यांत यंत्रावर उभी राहिली आणि माणसाचे चित्तच हिरावून घेणारे काम कसे असते ते तिने आपल्या अंगावर अनुभवले. तिथून थकून बाहेर पडल्यावर पोर्तुगालमधल्या एका कोळीवाड्यात बायकांची मिरवणूक पाहताना तिला ख्रिस्ताचा धर्म गुलामांचा धर्म म्हणून उमगला. कामाविषयी तिच्याइतके खरे लिहिणारे मला दुसरे कुणी आठवत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी जर्मन ताब्यातल्या पोलंडमध्ये दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. १९८१च्या त्यांच्या परिपत्रकाचा गाभा असा की कामाचे मोल त्यातून काय तयार झाले यावरून ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, म्हणून त्याला मोल आहे. प्रॉटेस्टंटांत इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्सने १९४२ मध्ये एका भाषणात चर्चला सुनावले की सुताराला दारू पिऊ नकोस, देवळात ये, असे सांगून तुमचे कर्तव्य संपत नाही. टेबल चांगले बनव, हे त्याच्या धर्माचे पहिले मागणे आहे. क्रोएशियात जन्मलेल्या मिरोस्लाव्ह व्होल्फने १९९१च्या ग्रंथात लूथरचा ‘नेमलेल्या जागे’चा विचार बाजूला ठेवून पवित्र आत्म्याच्या दानांचा विचार पुढे आणला. आत्मा दाने देतो, ती बदलतात, वाढतात, म्हणून माणूस काम बदलू शकतो आणि वाईट काम नाकारूही शकतो. मराठी वाचकाला लूथरपेक्षा व्होल्फ अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

त्याच १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी जे व्याख्यान दिले त्यातून भारतात दलित ईशज्ञानाला तोंड फुटले. देव सेवक आहे असे आपण म्हणतो, तर आपल्या घरी झाडू मारायला येणाऱ्या माणसात तो दिसतो का, असा प्रश्न निर्मळ यांनी पुढे आपल्या लेखनात विचारला. इतका थेट प्रश्न आपल्या मंडळ्यांना सोसला नाही, आणि अजूनही तो आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो.

हा विषय आज पुन्हा तातडीचा का झाला, हे नोकरदार घरांना वेगळे सांगायला नको. रविवार आता सगळ्यांचा सुटीचा दिवस राहिलेला नाही. घरपोच जेवण नेणाऱ्या मुलाला रविवारी दुपारी सर्वांत जास्त फेऱ्या असतात आणि त्याचा मालक म्हणजे मोबाइलमधले एक ॲप असते. फारोला निदान तोंड होते. कंत्राटी परिचारिकेला दर काही महिन्यांनी नोकरी राहील की जाईल याची धास्ती असते. एकेकाळी या देशातल्या परिचारिकांत ख्रिस्ती मुली फार मोठ्या संख्येने होत्या, कारण परक्याच्या शरीराला, रक्ताला, मळाला हात लावणे इतरांना विटाळाचे वाटे. त्या मुलींनी तो विटाळ मोडला म्हणून आज या पेशाला मान आहे. गटार साफ करताना गुदमरून मरणारी माणसे मात्र हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानंतरही मरतच आहेत, आणि त्यांच्यात ख्रिस्तीही असतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. झाडू तोच, नाली तीच, फक्त कागदावर जात पुसली गेली आहे. अशा वेळी, विश्वास ठेव म्हणजे पगार वाढेल, असे सांगणारी प्रवचने मैदाने भरून ऐकली जातात. गरिबाला त्याच्या गरिबीसाठी अविश्वासू ठरवणारी ही शिकवण मला शुभवर्तमानाच्या विरुद्ध वाटते, आणि ते इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

संग्रहात काय सापडेल, याविषयी. संपादकांनी ईशज्ञानाच्या पंडितांना दूर ठेवले आहे. जे लेख आहेत ते काम करणाऱ्यांचे आहेत, आणि ज्यांना लिहायला वेळ किंवा सवय नव्हती त्यांनी सांगितले, कुणीतरी उतरवून घेतले, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवले. म्हणून भाषा एकसारखी नाही. नगरची बोली आहे, वसईची सामवेदी डोकावते, गोव्याच्या तारवट्याच्या मराठीत कोंकणी मिसळते, आणि कुणी तिला इस्त्री केलेली नाही. त्या तारवट्याच्या लेखात धोबीतलावच्या कुडीचे वर्णन आहे. गावागावाच्या त्या कुडीत बोटीची वाट पाहणारे लोक ट्रंकेला ट्रंक लावून राहत, आणि संध्याकाळी सगळ्यांनी वेदीपुढे गुडघे टेकून रोझरी म्हणायची हा नियम होता. नोकरीची चिंता, घरचे पत्र, उसने पैसे आणि लितानी हे सगळे एकाच खोलीत. कामगारांची वसाहत आणि प्रार्थनागृह एकच असण्याची याहून चांगली नोंद माझ्या वाचनात नाही. वसईच्या शेतकऱ्याचा लेख वाचताना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण येईल. ‘सुवार्ता’च्या संपादकाने हरित वसईसाठी रस्त्यावर उतरावे, यात त्यांना आपल्या याजकपणाशी काही विसंगत दिसले नाही. विहीर आटली आणि वाडी विकली गेली तर त्या शेतकऱ्याची प्रार्थनाही बदलते, हे त्यांनी ओळखले होते.

उणिवाही आहेत. उसतोड कामगार, वीटभट्टीवरची कुटुंबे आणि आखातात गेलेल्या घरकामगार बायका यांचे लेख मिळाले नाहीत. सुखवस्तू घरांतल्या पुरुषांनी लिहिलेल्या दोन-तीन लेखांत काम म्हणजे केवळ कारकीर्द असा सूर आहे. ते मला कमी आवडले, पण तेही आपल्या मंडळीचाच भाग आहेत.

दोन लेख संपादकांनी मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. एकात परिचारिका सांगते की रात्रपाळीत बेडपॅन उचलताना ती मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणते, आणि ते काम तिला वेदीवरच्या सेवेइतके पवित्र वाटते. दुसऱ्यात सफाई कामगाराची मुलगी लिहिते की माझ्या वडिलांच्या कामाला पवित्र म्हणू नका; त्यांनी ते आपल्या इच्छेने घेतले नव्हते, आणि मला त्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेली धडपड हीच त्यांची प्रार्थना होती. परिचारिकेने शिक्षण घेऊन हे काम निवडले आहे, तिच्या अंगावर गणवेश आहे, हातात मोजे आहेत. त्या वडिलांकडे यातले काहीच नव्हते. या दोघींपैकी कुणाची बाजू घ्यायची असा प्रश्न अभ्यासमंडळात नक्की निघेल. तो निघाला की त्या वडिलांच्या वॉर्डात आज कोण उतरते, त्याला मोजे, गमबूट आणि वेळेवर मजुरी मिळते का, आणि तो माणूस आपल्या मंडळीत येतो का, याची चौकशी त्याच आठवड्यात करावी, अशी वाचकांना माझी विनंती आहे.